हात न टेकता

कोपर, डोंबिवली (प.)
रविवार, १९ जून १९९४

चि. नाथा,

ताईचा आशीर्वाद घे आणि आधी हे सांग, मस्कतला पाठवलेलं माझं मागचं पत्र पोचायला खरंच पंधरा दिवस लागले की तू नेहमीसारखा उशाखाली ठेवून विसरलास? आम्ही दोघं ठीक आहोत. यांची सेकंड शिफ्ट चालू आहे. माझी शाळा गेल्या सोमवारी उघडली आणि मुख्याध्यापकांनी मला पुन्हा पहिलीचा वर्ग दिला. एकवीस वर्षं नोकरी करून मी अजून पहिलीतच आहे.

तू शेवटच्या ओळीत लिहिलंस, 'आबा कसे आहेत.' पुढे प्रश्नचिन्हसुद्धा दिलं नाहीस, पूर्णविराम देऊन मोकळा झालास. पण आठ वर्षांत पहिल्यांदा विचारलंस. म्हणून हे पत्र लांबणार आहे. चहा घेऊन बस.

आबा माझ्याकडे आहेत. मेच्या आठ तारखेला आणलं. एप्रिलमध्ये कोलशेतच्या घरी ते एका दुपारी जमिनीवर जेवायला बसले आणि त्यांना उठता येईना. शेजारची मंजुळा ताक द्यायला गेली तर आबा रिकाम्या ताटापुढे बसलेले. तिला म्हणाले, "काय नाय गो, जरा बसलोय." ती दिवेलागणीला पुन्हा डोकावली तर तिथेच. तरी म्हणतात, बसलोय. मग तिने दोन माणसं बोलावून त्यांना उठवलं आणि मला निरोप धाडला. मी गेले तेव्हा काहीच झालं नसल्यासारखे ओटीवर विडी ओढत होते.

लेकीच्या घरी राहायची त्यांना किती लाज वाटते ते तुला सांगायला नको. पहिले चार दिवस पाणीसुद्धा मागून प्यायले नाहीत. कुणी विचारलं तर सांगतात, "पावना आलोय." सहा आठवडे झाले, पाहुणा अजून आहे. पण नाथा, पाय बघवत नाहीत रे. त्या पोटऱ्या आठवतात ना? आपण लहान असताना त्यांच्यावर बुक्क्या मारायचो आणि आपलेच हात दुखायचे. आता नुसती कातडी लोंबते. अंघोळीहून येताना भिंत धरतात, आणि मी बघतेय असं दिसलं की भिंतीला काहीतरी लागलंय म्हणून ती पुसायला लागतात.

डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही, औषधही नाही. पण स्टेशनजवळच्या ट्रस्टच्या दवाखान्यात दर बुधवारी व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई येतात, त्यांना दाखवा म्हणाले. एक मजला चढून जायला आबांना वीस मिनिटं लागली. बाई माझ्याहून लहान, पण बोलायला खणखणीत. म्हणाल्या, "आजोबा, वय झालं की अंगातलं मांस झिजतं. पण वजन उचललं की ते पुन्हा धरतं, तुमच्या वयातसुद्धा."

आबा म्हणाले, "बाय, सारा जलम मी वजनच उचलला. आता उचलवत नाय म्हनून तर म्हातारा झालो ना?"

"उलटं आहे आजोबा. उचलायचं थांबवलंत म्हणून म्हातारे झालात."

हे मात्र आबांना पटलं. घरी येताना रिक्षात दोनदा स्वतःशी हसले. तेव्हापासून त्या बाईंचं नाव 'कसरतबाय' पडलंय.

कसरत अशी. एकेक किलो वाळूच्या पिशव्या शिवायच्या, घोट्याला बांधायच्या आणि खुर्चीत बसून पाय समोर सरळ करायचा, मग सावकाश खाली. आठ वेळा. थोडं थांबून पुन्हा आठ, पुन्हा आठ. एक दिवसाआड. बारा वेळा सहज जमायला लागलं की वजन वाढवायचं. बाईंनी बजावून सांगितलं, वजन वाढत गेलं पाहिजे, तेच ते उचलत राहण्यात अर्थ नाही. आणि दुसरी कसरत म्हणजे खुर्चीतून उठायचं, हात न टेकता. ते आबांना एकदाही जमलं नाही. दोन्ही हातांनी टेबल धरल्याशिवाय बूड हलत नाही.

पिशव्या मी यांच्या कंपनीच्या जुन्या खाकी पँटच्या शिवल्या. वाळू आणायला निघाले तर आबांनी अडवलं. "रेती? रेती काय माजा काम हाय? रेती रेतीवालं काढतान. मी मिठागरातला मानूस. मीठ उचलीन." मी पुष्कळ समजावलं, की पायाला काय, वजन ते वजन. तोंड फिरवून बसले. शेवटी दामाजीकाकांना निरोप दिला. आठवतात ना, आबांबरोबर चाळीस वर्षं मिठागरात खपलेले? ते अर्धं पोतं खडे मीठ घेऊन आले. आबांनी स्वतः पिशव्या भरल्या. वाण्याकडून तोलून आणते म्हटलं तर असं बघितलं की मी चपला परत काढल्या. पिशवी तळहातावर घेऊन म्हणाले, "यक किलो." मी तरी चोरून वाण्याकडे नेलीच. बरोबर एक किलो, काटा तसूभर हलला नाही.

पिशव्या बांधायच्या-सोडायच्या त्यांनीच. लेकीने पायाला हात लावलेला चालत नाही. झालं की स्वतःच खिडकीच्या गजाला टांगतात. माझं काम मोजायचं आणि लिहायचं. मी त्यासाठी शंभर पानी वही केलीय, तारीख, डावा पाय, उजवा पाय, खुर्ची असे रकाने आखलेत. चांगलं जमलं की लाल पेनाने बरोबरची खूण. हसू नकोस, त्यांना ती खूण आवडते. आळीतल्या बायका म्हणतात, मास्तरीणबाईंनी बापाला म्हातारपणी कामाला लावलंय. म्हणू देत.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. परवा कसरत झाल्यावर त्यांनी विचारलं, "नाथाचा कागद आला का?" आला म्हटलं. मग पायाकडे बघत म्हणाले, "तो येल तवा मी उठून उभा रेन. हात न टेकता."

त्या शिमग्याला होळीपुढे सगळ्या गावासमोर त्यांनी तुझ्यावर हात उचलला, तो उचलायला नको होता. मिठागरात येत नाही, आखातात जातो म्हणालास, एवढंच तर होतं. पण तूही जाताना म्हणालास, "उभं राहायची ताकद आहे तोवर मारून घ्या, मग बघू." आईच्या दिवसांनाही तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला नाहीत. तुला वाटतं ते विसरले असतील. ते काहीच विसरलेले नाहीत. माझ्या घरात बसून त्या एका वाक्यासाठी पाय उचलताहेत.

तब्येतीला जप.

तुझी,
शकूताई


कोपर
रविवार, ३१ जुलै १९९४

चि. नाथा,

आशीर्वाद, आणि सोबत एक चांगली बातमी. आधी बातमीच घे. आबांनी परवा प्रत्येक पायाला दोन किलो बांधून बारा-बारा-बारा केलं! जूनअखेर एका किलोचे बारा व्हायला लागले, म्हणून मी दुसऱ्या पिशव्या शिवल्या, आबांनी त्या भरल्या, पायावर आता दोन-दोन. पहिल्या दिवशी पाचच झाले होते. मग सात, नऊ, आणि आता बारा. माझ्या वहीत लाल खुणांची रांग लागलीय. पहिलीतल्या एकाही पोराने मला इतकं सुख दिलेलं नाही.

तुझं पत्र आणि पेढ्यांसारखा दिसणारा तो तिकडचा खाऊ पोचला. गणपतीला पंधरा दिवसांची रजा मिळतेय आणि येऊ का, असं विचारलंस. आबांना वाचून दाखवलं. संध्याकाळी भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाले, "त्याला लिव, शिमग्याला ये. गनपतीला नको."

मलाही तेच बरोबर वाटतं. आत्ता आलास तर अर्धवट बघशील. खुर्चीतून उठताना ते अजून टेबल धरतात, ते काही सुटत नाही. एवढे पाय सुधारले तरी ते का सुटत नाही कुणास ठाऊक, पण सुटेल. कसरतबाईंना दाखवायला नेता आलं नाही. पावसात तो जिना निसरडा असतो, आणि दोघांनी खुर्चीत घालून वर नेतो म्हटलं तर आबांनी साफ नाही सांगितलं. बाईंनी दर पंधरा दिवसांनी आणा म्हणून सांगितलं होतं. पण वही आहे ना माझ्याकडे. आकडे वाढताहेत म्हणजे वाढताहेत, त्यात बाई आणखी काय बघणार?

तेव्हा गणपतीला रजा घेऊ नकोस, साठवून ठेव आणि शिमग्याला महिन्याची घेऊन ये. तोवर मी त्यांना कोलशेतच्या होळीपर्यंत चालवत नेते की नाही बघ. हे मी तुला लिहून देते.

बाकी इकडे सगळं ओलं. कपडे वाळत नाहीत, पापड मऊ, खिडकीखालची भिंत गळतेय. तिथे रोज सकाळी फरशीवर पाणी साठलेलं असतं. यांनी दोनदा बाहेरून सिमेंट लावलं, तरी थांबत नाही. हे म्हणतात बिल्डरने फसवलं. मी म्हणते तुम्हाला सिमेंट लावता येत नाही.

आबा आत्ता शेजारीच बसलेत. तुला काही लिहू का विचारलं, तर म्हणाले, "लिव, बरा हाय."

तुझी,
शकूताई


कोपर
रविवार, २७ नोव्हेंबर १९९४

नाथा,

सुखी राहा. चार महिने माझं पत्र नाही म्हणून तू रागावला असशील. सप्टेंबरातलं तुझं पत्र मिळालं होतं, गणपतीची रजा रद्द केलीस आणि शिमग्याचं तिकीट बघतोयस, तेही कळलं. मग सहामाही परीक्षा आल्या, मग दिवाळी. यांना बोनस उशिरा झाला. मी या वर्षी चकल्या केल्या नाहीत, नुसता चिवडा. माझ्या वर्गातली सोळा मुलं आता जोडाक्षरं वाचतात.

आबा पडले. सहा तारखेला, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, खुर्चीतून उठताना. मांडीचं हाड खुब्याशी मोडलं. बारा दिवस ठाण्याला इस्पितळात होते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं तर हृदयाला झेपणार नाही, आणि करून उपयोग काय, हाड जोडलं तरी त्याला धरायला पायात मांसच नाही. आता घरी आणलंय. हाड ताणून धरायला पायाला वजन लावून ठेवलंय. कॉटवर पडून असतात. पाठीला जखम व्हायला लागलीय, छातीत घरघर आहे.

मागच्या मंगळवारी सकाळी तुझ्या कंपनीच्या ऑफिसात फोन आला असेल. तुला बोलावून आणलं, तू तीनदा हॅलो म्हणालास आणि समोरून कुणी बोललं नाही. तो फोन माझा होता. स्टेशनसमोरच्या बूथवरून केला होता. तुझा आवाज ऐकला आणि मी ठेवून दिला. कारण फोनवर मी एवढंच सांगितलं असतं की आबा पडले. आणि ते खोटं झालं असतं.

खरं काय झालं ते लिहिते. हे मी यांनाही सांगितलेलं नाही.

दामाजीकाका दिवाळीला आंबिवलीला लेकीकडे आले होते. तिथून सहा तारखेला आबांना भेटायला आले. मी मोठ्या तोऱ्यात वही दाखवली. म्हटलं, काका, तुमचे मित्र पायाला दोन-दोन किलो बांधून बारा वेळा उचलतात. काका उठले, गजावरच्या डाव्या पायाच्या दोन्ही पिशव्या काढल्या, हातावर घेतल्या आणि हसायलाच लागले. "शके, यान मीठ हाय का नुसता फडका? अगो, पावसाल्यान मीठ ऱ्हाते का कंदी? पानी होऊन गेला त्या."

मी त्या पिशव्या तशाच वाण्याकडे नेल्या. दोन्ही मिळून नऊशे ग्रॅम.

खिडकीखालची भिंत गळत नव्हती, नाथा. पाच महिने ते मीठ थेंब थेंब करून फरशीवर उतरत होतं आणि मी ते रोज सकाळी पुसत होते. मिठागरातल्या माणसाची मुलगी मी. पावसाळा आला की मिठाच्या राशी गवताने शाकारायला आईबरोबर जायचे. माझ्या स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ दर आषाढात पाणी सोडतं आणि मी दरवर्षी त्याला शिव्या घालते. पण भातात घालायचं ते मीठ आणि पिशवीतलं ते वजन, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. वहीत दोन किलो लिहिलेलं होतं ना! वजन वाढत गेलं पाहिजे असं बाई म्हणाल्या होत्या. माझ्या घरात ते रोज कमी होत होतं आणि मी लाल खुणा मारत होते. जूनमध्ये आबा एक किलो उचलत होते, दिवाळीत नऊशे ग्रॅम, आणि तेही धापा टाकत.

मी परत आले तेव्हा दामाजीकाका निघायला उठले होते. जाताना दारात आबांचं नाव घेऊन मला एवढंच म्हणाले, "गोमाजीला काय कलला नसल का? यो टोपली हातावं घेऊन वजन सांगायचा." आणि गेले.

ते मला तोवर सुचलंच नव्हतं.

मी आत येऊन विचारलं, "आबा, तुम्हाला माहीत होतं?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मना आखाडापासना ठाव होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तू खुशीन लिवत होतीस. कनाला बोलू?"

मला काय झालं ते मला नीट माहीत आहे. मला राग आला. कीव यायला हवी होती, माया यायला हवी होती, पण राग आला. माझी वही खोटी पडली होती. मी आळीतल्या बायकांना, शाळेतल्या शिक्षकांना, कसरतबाईंनाही निरोप पाठवून सांगितलं होतं की माझे वडील सुधारताहेत. तुला लिहून दिलं होतं. पहिलीतल्या पोराने माझंच लाल पेन चोरून वहीवर खुणा करून घ्याव्यात तसं मला वाटलं. आणि मी चिडले की कशी बोलते, ते तू आईच्या मागे लपून पुष्कळ ऐकलं आहेस.

मी त्यांच्या पुढचं टेबल ओढून बाजूला केलं. म्हटलं, "उठा. आत्ता उठा, हात न टेकता. नाथा रजा रद्द करून बसलाय तिकडे. तो आल्यावर त्याला काय दाखवणार आहात? फडकी?"

एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणावं लागलं नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गात एखादं अगदी कच्चं मूल फळ्यापाशी यायला निघतं तेव्हा जसं बघतं तसं. बाईंनी शिकवल्याप्रमाणे पाय मागे घेतले, छाती पुढे केली, हात मांडीवरून उचलून छातीशी धरले. आणि उठले.

उभे राहिले होते, नाथा. पूर्ण. गुडघे थरथरत होते, पण पाठ सरळ होती. मी बघितलं. माझ्याशिवाय कुणीही बघितलं नाही, म्हणून तुला लिहिते. ते म्हणाले, "लिव. वहीत लिव."

मी वही घ्यायला वळले. खरंच वळले. एवढ्या रागातसुद्धा माझा हात वहीकडे गेला. आणि मागे आवाज झाला.

टेबल जागेवर असतं तर त्यांनी धरलं असतं. मी वळले नसते तर मी धरलं असतं. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, कसे पडले? मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "पाय सटाकला." यांनाही तेच सांगितलं, दामाजीकाकांनाही. सगळ्यांना तेच सांगताहेत. मी पाणी पाजायला गेले की माझ्याकडे बघून हसतात. त्या हसण्याने मी रोज मरते.

कसरतबाईंना जाऊन भेटले. त्यांना मी सगळं सांगितलं नाही, फक्त मिठाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मे महिन्यात त्यांच्या पायात अजून धुगधुगी होती, तेव्हापासून वजन चढत गेलं असतं तर दिवाळीत खुर्चीतून उठले असते. मी विचारलं, आता? त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यावरून मी समजायचं ते समजले.

आणखी एक आहे. 'गणपतीला नको, शिमग्याला' ते का म्हणाले, हे मला तेव्हा वाटलं होतं तसं नव्हतं. मला वाटलं, त्यांना तयारीला वेळ हवाय. इस्पितळात एका दुपारी जरा शुद्धीवर होते तेव्हा मी विचारलं. म्हणाले, "शिमग्यापरत मी नसेन असा वाटला व्हता. म्हंजे त्यान मना असा बघला नसता. त्याच्या ध्यानान मी उभाच रेलो असतो." त्यांना तू यायलाच नको होतास, आणि ते निमंत्रण मी माझ्या सुवाच्य अक्षरात तुला पोचवलं. तू गणपतीला आला असतास तर ते टेबल धरून का होईना, तुझ्यासमोर उठले असते. तेवढं त्यांच्याकडे तेव्हा होतं. ते तुझ्यापासून मी घेतलं.

त्या शिमग्याला तू जे बोललास, त्याबद्दल आठ वर्षं मी तुला मनातून दोष देत होते. तू निदान धडधाकट माणसाला बोललास. मी टेबल काढून घेऊन बोलले.

त्यांनी मला शपथ घातलीय, नाथाला कळवू नको. मी मोडतेय. शिमग्याची वाट बघू नकोस. मिळेल त्या विमानाने ये, रजा नाही मिळाली तर नोकरी सोडून ये, असं लिहायचा मला हक्क नाही, तरी लिहितेय.

आलास की दारात घुटमळू नकोस. ते तुझ्याकडे बघतील आणि उठायचा प्रयत्न करतील, मी त्यांना ओळखते. त्यांना तो करू देऊ नकोस. बॅग खाली टाक आणि लगेच कॉटशेजारी जमिनीवर बस, म्हणजे त्यांना मान वर करून तुझ्याकडे बघावं लागणार नाही. काही बोलला नाहीस तरी चालेल. रागही घेऊन आलास तरी चालेल, फक्त बसून राहा.

तू येशील तेव्हा ते असतील, असं मी लिहीत नाही. जूनपासून मी तुला दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही खोटी निघाली. तिसरं तसं नको.

तुला गणपतीला येऊ नकोस म्हणून लिहिणारी,
तुझी ताई